संगणकावर हात कोणाचा?

शाळेला संगणक मिळाला, पाहुण्यांनी फीत कापली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, की आपल्याकडे काम झाले असे समजतात. आमच्या मते खरा प्रश्न फीत कापल्यानंतर सुरू होतो. त्या खोलीची किल्ली कोणाकडे? यंत्रावर हात कोणाचा? आणि शेजारी बसून "असं नाही, असं कर" असे सांगणारे कोणी आहे का?

कर्नाळ्याच्या पायथ्याशी, पनवेल-पेण रस्त्यालगत आमची वस्ती आहे. तिथल्या विहाराच्या मागच्या खोलीत २०१८ सालापासून चार जुने संगणक चालू आहेत. त्यांच्या निमित्ताने जे पाहिले आणि वाचले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. आम्ही कोणी तज्ज्ञ नव्हेत. बी.कॉम. झालेले कारकून आहोत. दिवसभर कचेरीच्या संगणकावर आवक-जावक चढवतो आणि संध्याकाळी पोरांच्या संगणकावरची धूळ पुसतो.

आम्ही हायस्कुलात होतो तेव्हा, म्हणजे १९९०च्या दशकात, शाळेत पहिला संगणक आला. देशात शालेय संगणक शिक्षणाची सुरुवात त्याआधीच झाली होती. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना बी.बी.सी. मायक्रो हे संगणक दिले होते. आमच्यापर्यंत ती हवा यायला दहाएक वर्षे लागली. संगणकासाठी वेगळी खोली झाली, खिडक्यांना पडदे आले, दाराला भलेमोठे कुलूप लागले. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, हात मागे बांधायचे आणि रांगेत एक फेरी मारून बाहेर यायचे. "बघा, पण हात लावायचा नाही." पुढचे सारे शिक्षण फळ्यावर. गुरुजी खडूने संगणकाचे चित्र काढत आणि आम्ही पाठ करत असू, संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज, संगणकाचे मुख्य भाग इतके इतके. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले. बटण कुठले दाबले की तो सुरू होतो, हे मात्र आम्हाला बी.कॉम.च्या वर्षापर्यंत माहीत नव्हते.

"हात लावायचा नाही" हे वाक्य आपल्या घरांत नवे नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे आपल्या पोराबाळांना ठाऊक असते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला फळ्याचा प्रसंगही आपण ऐकलेला आहे. गणित सोडवायला त्यांना फळ्याकडे बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून वर्गात एकच धावपळ उडाली. फळा म्हणजे त्या काळचे शिकण्याचे साधनच. दर २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्या निळे झेंडे लावून आमच्या दारावरून जातात. १९२७ साली चवदार तळ्यावर जे झाले, तेही पाण्याला हात लावण्याचेच होते.

आमच्या शाळेतली संगणकाची बंदी जातीवरून नव्हती, ती सगळ्यांनाच होती, हेही सांगितले पाहिजे. पण सगळ्यांना सारखी असलेली बंदी सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांची मुले पनवेलला खासगी क्लासला जाऊन हात साफ करून आली. ज्यांना शाळेखेरीज दुसरी जागाच नव्हती, त्यांच्यासाठी ते कुलूप खरे कुलूप होते.

मग प्रत्येक मुलाला एकेक संगणक दिला तर? हा प्रयोगही होऊन गेला, आणि तोही आमच्याच रायगड जिल्ह्यात. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला होता. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली त्याला नकार दिला. तरी २००७ साली त्याचा देशातला पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातल्या खैरात गावी, जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. पहिली ते चौथी मिळून वीस-बावीस पोरे. प्रत्येकाच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा लॅपटॉप, रबराच्या कळा, वर दोन कान उभे केलेले. शहरातल्या भल्याभल्या शाळांत तेव्हा पोरांच्या हाती असे काही नव्हते आणि इथे डोंगराजवळच्या गावातली मुले ते घेऊन बसली होती. खैरातचे नाव जगभर गेले, पण त्या धर्तीवर लॅपटॉप आपल्या शाळाशाळांत काही पोचले नाहीत.

तेच लॅपटॉप दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने लाखांनी वाटले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल आला, की पंधराएक महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडला नाही. बुद्धीच्या काही चाचण्यांत मुले थोडी पुढे गेली, एवढेच. म्हणजे यंत्र हाती आले म्हणून विद्या आली असे नव्हे.

आम्हाला सर्वांत पटले ते बडोद्याचे उदाहरण. २००० साली गुजरात सरकारने तिथल्या महानगरपालिकेच्या बहुतेक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ साली पाहिले तर लहान मुलांसाठी त्यांचा वापर जवळपास शून्य. मग 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी एक साधी व्यवस्था केली. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ, आणि शेजारी त्याच भागातला, थोडे दिवस प्रशिक्षण घेतलेला एक तरुण किंवा तरुणी. दोन वर्षे मोजणी झाली आणि दोन्ही वर्षी गणिताचे गुण चांगलेच वाढले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवले आहे. आम्हाला तो भागही महत्त्वाचा वाटतो. शिकवणे म्हणजे लस टोचणे नव्हे, की एकदा टोचली आणि झाले.

आता आमच्या खोलीविषयी. एका कचेरीने जुने संगणक भंगारात काढले, ते आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून घेतले. लगेच वस्तीत वाद झाला. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, विहाराच्या पुढच्या बाजूला फरशी नाही, पावसात बायाबापड्या घसरतात, आणि तुम्हाला डबडी सुचतात?" काकांचे काही चुकत नव्हते. शेवटी असे ठरले, की जयंतीच्या मिरवणुकीतले मोठे स्पीकर त्या वर्षी निम्मे करायचे आणि उरलेल्या पैशांतून फरशी घालायची. तरुण मंडळी आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हती. असो.

जुन्या यंत्रांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चढवली आणि वस्तीतल्याच आय.टी.आय. झालेल्या मुलाने वायरिंग करून दिले. नियम तीनच केले. खोलीला कुलूप संगणक बंद असतानाच लागेल. एका यंत्रावर दोघे बसतील, एक कळा दाबील आणि दुसरा सांगेल, अर्ध्या तासाने अदलाबदल. नंबर वहीत लिहून लागेल. पहिल्या महिन्यातच वही सांगू लागली, की आठपैकी सात जागा मुलांच्या. मुली दाराशी उभ्या राहून परत जात. त्यांना घरी पाणी भरायचे, धाकट्याला सांभाळायचे. अर्धा तास थांबणे त्यांना परवडत नव्हते. म्हणून दोन यंत्रे मुलींची म्हणून वेगळी काढली. "आमचा रिकामा पडला तरी आम्हाला बसू देत नाहीत," अशी पोरांची तक्रार आजही येते. येऊ द्या.

अडचणींना तोटा नाही. डोंगराची माकडे तारेवर झोके घेतात, लाइट जाते. एकदा उंदराने माऊसची वायर कुरतडली, तेव्हा पोरे आठवडाभर हसत होती, की भावानेच भावाला खाल्ले.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते मराठी कळफलकावर. आम्ही स्वतः टायपिंगच्या परीक्षेसाठी यंत्रावर बोटे बडवलेली. सरकारी कारकुनाला मराठीत मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ते हातात बसलेले. पण मुलांना आम्ही इनस्क्रिप्ट शिकवले, आणि त्याची खुबी शिकवताना कळली. मधल्या आणि वरच्या ओळीत डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बरीचशी व्यंजने. क ची कळ शिफ्टबरोबर दाबली की ख, ग ची दाबली की घ, त चा थ, प चा फ, ब चा भ. वर्णमाला जणू कळफलकावर मांडून ठेवली आहे. 'कि' लिहिताना कागदावर आपण आधी वेलांटी काढतो. इथे आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे तोंडाने उच्चारतो त्याच क्रमाने.

पाचवीतला एक मुलगा वाचताना मात्रा गिळायचा. 'शेतकरी'चा 'शतकर' करायचा. शाळेत त्याला मागच्या बाकावर बसवलेले. त्याच्या जोडीला आम्ही एक चुणचुणीत मुलगी दिली. तो सांगायचा, ती दाबायची; मात्रा सांगितली नाही तर ती दाबायची नाही, आणि पडद्यावर 'शतकर'च उमटायचे. दोघांत रोज भांडण. "तू मात्रा सांगितलीस का?" "तुला कळत नाही का?" "मला कळतं, संगणकाला कळत नाही!" दोन महिन्यांत तो मात्रा सांगू लागला, आणि सांगू लागला म्हणून वाचू लागला. श्रेय त्या पोरीचे. संगणकाने एवढेच केले, की त्याच्या चुकीला हसला नाही आणि ती झाकलीही नाही.

दुसरी गोष्ट आज्यांची. कर्नाळ्याचा सुळका लांबून अंगठ्यासारखा दिसतो. आमच्या आजीच्या पिढीने जन्मभर अंगठाच दिला, आणि आता रेशनच्या मशीनवर बी.कॉम.लासुद्धा अंगठाच द्यावा लागतो! पण या बायांकडे ओव्यांचा साठा मोठा. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संस्थेने २०१७पासून त्या इंटरनेटवर ऐकायला ठेवल्या आहेत, त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्याही पुष्कळ आहेत. एका संध्याकाळी मुलींनी त्यातली एक ओवी लावली. भिंतीला टेकून बसलेल्या आजी ऐकता ऐकता म्हणाल्या, "आमच्याकडं अशी नव्हती." आणि त्यांनी आपली म्हटली. मग दुसरी, मग तिसरी. पोरी टाइप करू लागल्या आणि अडू लागल्या. आजी म्हणतात तो शब्द तसाच लिहायचा, की पुस्तकात असतो तसा? आम्ही म्हटले, आजी म्हणतात तसा. आजवर अशा साठेक ओव्या झाल्या आहेत. त्या आठवड्यांत त्या मुलींनी जेवढे मराठी लिहिले, तेवढे शाळेच्या अख्ख्या सहामाहीत लिहिले नसेल. आजींनाही पहिल्यांदा कोणीतरी सांगितले, की थांबा आजी, हळू म्हणा, लिहून घ्यायचे आहे.

मुलाने संगणकातून काय घेतले एवढेच लोक पाहतात. त्याने संगणकात काय घातले, हे पाहायला हवे.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांचीच परीक्षा झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या आकड्यांनुसार देशात ग्रामीण भागातल्या शंभरांतल्या जेमतेम चार-पाच घरांत संगणक होता, शहरात तेवीस घरांत. शिकवणे मात्र त्याच्याच भरवशावर सुरू झाले. आमच्या वस्तीत मोबाईल घरटी एक, आणि तो बाप कंपनीत पाळीला जाताना घेऊन जायचा. वर्ग सकाळी दहाला, मोबाईल घरी येणार रात्री आठला. त्या काळात खरा हात दिला तो टीव्हीने. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागत असे. विहार बंद होता, तरी एक संगणक आम्ही व्हरांड्यात आणून ठेवला आणि वरच्या वर्गांची मुले लांब लांब बसवली. तो काही वर्ग नव्हता, पण वही बंद पडली नाही.

हे सगळे कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२३ साली तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली. दोन तासांत शंभर प्रश्न. फी राखीव प्रवर्गालाही ९०० रुपये. नात्यातली एक मुलगी वर्षभर अभ्यास करून परीक्षेला गेली. हुशार पोरगी, पण आयुष्यात फक्त मोबाईल हाताळलेला. माऊस पहिल्यांदा हातात घेतला तो परीक्षेच्या केंद्रावर. बाण पळायचा एकीकडे, तिचा हात दुसरीकडे. मागचा प्रश्न परत कसा आणायचा हे कळेना आणि विचारायची भीती. पंधरा-वीस प्रश्न तसेच राहिले. घरी येऊन म्हणाली, "दादा, उत्तरं येत होती हो." तिच्या आईने फीसाठी दोन दिवसांची मजुरी बाजूला काढली होती. आपल्या मुलांच्या वाट्याचे असे किती गुण न येणाऱ्या उत्तरांमुळे नव्हे, तर न धरलेल्या माऊसमुळे जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आता बहुतेक भरती आणि प्रवेश परीक्षा संगणकावरच होतात. एमएचटी-सीईटी २०१९पासूनच झाली आहे. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झाले. तिथे सामान उचलायला आपली पोरे घेतील यात शंका नाही. खिडकीमागच्या खुर्चीवर कोण बसणार, हा प्रश्न आहे. ती मुलगी आता आमच्या खोलीत सराव परीक्षा सोडवते आणि बाकीच्यांना घड्याळ लावून सोडवायला बसवते. तिच्याइतके कडक कोणी नाही.

अलीकडे एक नवीनच भानगड आली आहे. मोबाईलला विचारले की तो मराठीत निबंध लिहून देतो. सहावीतल्या एका पोराने 'माझी आई' आणला. शुद्धलेखन आमच्या साहेबांपेक्षा चांगले. त्यात आईला बागकामाची आणि केक करण्याची आवड! त्याच्या दारात कुंडी ठेवायला जागा नाही आणि आई कंपनीच्या कँटीनला भांडी घासते. आम्ही रागावलो नाही. म्हटले, हा कोणाच्या आईचा आहे ते शोध आणि तुझ्या आईचा तू लिही. त्याने सहा ओळी टाइप केल्या. आई पहाटे किती वाजता उठते, कुठल्या गाडीने जाते, येताना कागदात बांधून काय आणते. दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. ते तसेच ठेवून आम्ही तो निबंध भिंतीला लावला.

सध्या चारांपैकी तीन यंत्रे चालू आहेत, चौथ्याची दुरुस्ती वर्गणीवर अडली आहे. रविवारी वंदना झाल्यावर दहा ते बारा हा वेळ आता बायांना दिला आहे. गेल्या रविवारी वहीत सात नावे होती. पाचजणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उमटवले. त्या दोघींना आधी पेनाने नाव लिहायला शिकवायचे की सरळ कळफलकावर, यावर आम्हा कार्यकर्त्यांत अजून एकमत नाही. त्या दोघी मात्र म्हणतात, कळफलकावर.